चाव्यांची हजेरी

सोलापुरात विजापूर वेशीच्या अलीकडच्या अरुंद रस्त्यावर, भर रहदारीत, एक सडपातळ म्हातारा माणूस उलटा चालताना दिसला की ओळखायचं, आज कुणाच्या तरी गाडीला नवी चावी मिळाली. चेहरा गाडीकडे, हात पुढे, हातात चावी आणि पावलं मागं मागं. एक पाऊल टाकायचं, बटण दाबायचं, गाडीचे दिवे लुकलुकले की दुसरं पाऊल. रिक्षावाले त्यांना वळसा घालून जायचे. केळीवाला गाडा जरा ओढून घ्यायचा. पानपट्टीवाला ओरडायचा, "जॉबर, मागं खड्डा हाय!" दिवे लुकलुकायचे थांबले की ते तिथंच उभे राहायचे, गाडीपर्यंत पावलं मोजत सरळ चालत यायचे आणि आकडा जाहीर करायचे. "छत्तीस. लई झालं की."

गिऱ्हाईक म्हणायचं, अहो, मी जवळ जाऊनच उघडणार आहे, छत्तीस पावलं काय करायचीत? त्यावर त्यांचं एकच उत्तर असायचं. "लांबनं उघडायची पाळी कवा येईल, सांगता येतंय का?"

त्यांना सगळे जॉबर म्हणत. कारखान्यात यंत्रमाग लावून देणाऱ्या आणि बिघडला की दुरुस्त करणाऱ्या कारागिराला सोलापुरात जॉबर म्हणतात. टॉवेलच्या कारखान्यातलं ते काम सुटून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण नाव सुटलं नव्हतं. घरात तेलुगू, दुकानात मराठी आणि यंत्राशी बोलताना दोन्ही, अशी त्यांची भाषेची वाटणी होती. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. तिथं उभं राहायचं तर डोकं आधी वाकवावं लागे. चष्म्याची तुटलेली काडी त्यांनी मागाच्या सुतानं बांधलेली होती आणि खांद्यावर कायम एक टॉवेल असे. कुणाच्याही गाडीत बसण्याआधी ते तो सीटवर अंथरत. गाडी कितीही मळकी असो, टॉवेल अंथरल्याशिवाय बूड टेकायचे नाहीत. वर गिऱ्हाइकाला सांगायचे, "तुमची सीट घाण होऊ नये म्हणून." खरं काय ते सगळ्यांना दिसायचं.

गाडी कुठली, मॉडेल कुठलं, हे ते नंतर विचारत. पहिला प्रश्न ठरलेला असे. "घरात एकूण चाव्या किती? सगळ्या आणल्यात का?"

याला कारण होतं. हल्लीच्या गाड्यांच्या चावीच्या पोटात तुरीच्या डाळीएवढी चिप असते. गाडीला ती ओळखीची वाटली तरच इंजिन चालू होतं. जॉबर हे मागावरून समजावत. "धागा तुटला की माग आपसूक थांबतो बगा. तसंच हाय. गाडी विचारते, धागा हाय का? न्हाय म्हटलं की थांबली." आता अशा गाडीला नवी चावी शिकवायची, तर बऱ्याच गाड्यांना आधीच्या सगळ्या विसरायला लावावं लागतं. मग समोर असतील त्या एकेक करून पुन्हा ओळखीच्या करायच्या. जी चावी त्या वेळी हजर नसेल ती गाडीला परकी होते. दिसायला तीच, दारात फिरतेही, पण इंजिन काही तिला दाद देत नाही. म्हणून जॉबरकडे चाव्यांची हजेरी व्हायची. एक जरी गैरहजर असेल तर काम बंद.

एकदा माझ्यासमोर पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ मोठी गाडी घेऊन आले. चाव्या तीन, आणली एक. एक हरवलेली आणि एक बायकोकडे. जॉबर म्हणाले, "ती घेऊन या." गृहस्थ म्हणाले, "तिला कुठं जायचंय? राहू द्या ती बंद." जॉबरनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि चाव्या शिकवायच्या मशीनवर पांघरला. गृहस्थांनी आवाज चढवला, ओळखी सांगितल्या, शेवटी गाडी वळवून निघून गेले. मी म्हटलं, हातचं गिऱ्हाईक घालवलंत. म्हणाले, "जाऊ दे की. दुसरीकडं करून घेतील." त्यांच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

मशीन जोडल्यावर काही गाड्या दहा मिनिटं नुसतं थांबवून ठेवतात. स्क्रीनवर आकडे उलटे मोजत बसायचं. त्या दहा मिनिटांत मोबाइल बंद, खाली उतरायचं नाही, सगळ्यांनी गाडीत बसायचं, हाही जॉबरचाच कायदा. मशीनला त्याची गरज आहे का, हे मी त्यांना एकदा विचारलं. "मशीनला न्हाय," म्हणाले, "माणसांना हाय." आणि त्या दहा मिनिटांत ते शेंगा सोलायचे आणि गिऱ्हाइकालाही सोलायचे. नवरा-बायको सहा महिन्यांत जेवढं बोलली नसतील तेवढं त्या बंद गाडीत बोलून जायची.

माझी त्यांची ओळख स्कूटरच्या चावीवरून झाली. माझ्या चावीच्या जुडग्याला शाळेच्या कपाटापासून घरच्या गेटपर्यंत सगळं लटकत असे. त्यांनी ते हातात धरून हलवून दाखवलं. "बाई, ही चावी हाय का बैलाची घुंगरमाळ? ह्या वजनानं कुलूप मरतंय." मी मुलांना रागावणारी शिक्षिका, मला रागावलेलं सहन होत नाही. तरी दुसऱ्या दिवशी जुडगं सोडवलं.

मी मैंदर्गीला शिकवते. रोज सोलापूरहून जाऊन-येऊन. त्यासाठी कुणाची तरी वापरलेली छोटी गाडी घेतली होती. तिच्या दोन चाव्या. एक माझी, एक अप्पांची. अप्पा म्हणजे माझे वडील, मूळचे केम गावचे, उभा जन्म एसटीचे ड्रायव्हर. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले आणि येताना एकच अट घातली, "गाडीची एक किल्ली माझ्याकडं ऱ्हाईल."

एका शनिवारी शाळेत मुलांना पाणी मिळेना म्हणून मी टाकीचं झाकण उघडून आत वाकले आणि गळ्यात अडकवलेली माझी चावी टाकीच्या तळाशी गेली. शिपायानं काढून दिली, पण पाण्यानं ती गेलीच. अप्पांना फोन केला. ते एसटीनं अक्कलकोट, तिथून मैंदर्गी असे दोन तासांत हजर. खिशातून चावी काढून म्हणाले, "बगितलंस? माझी होती म्हणून." त्या दिवशी त्यांचा चेहरा नोकरीतल्यासारखा दिसत होता. मग अर्थातच गाडी त्यांनी चालवायला घेतली.

अक्कलकोटच्या पुढं डाव्या बाजूनं मेंढरं रस्त्यावर येत होती. चांगली शे-दीडशे. मला ती केव्हाची दिसत होती. वाटलं, अप्पा ब्रेक लावतील. त्यांनी लावला नाही. धनगराची बाई जिवाच्या आकांतानं ओरडली, मी ओरडले, तेव्हा कुठं गाडी करकचून थांबली. एक कोकरू चाकापासून हातभर अंतरावर होतं. बाईनं ते उचलून छातीशी धरलं आणि आम्हाला शिव्या घातल्या. अप्पा म्हणाले, "रस्त्यावर कशाला आणत्यात मेंढरं?"

मला कळत नव्हतं असं नाही. डाव्या बाजूला ठेवलेला पाण्याचा तांब्या त्यांच्या हातून रोज लवंडायचा. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा घासायचा. डॉक्टरांचं नाव काढलं की "माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय?" असं म्हणून विषय संपवायचे. डॉक्टरांकडे गेलं तर ते काय सांगतील, हे एसटीच्या ड्रायव्हरला चांगलं माहीत होतं. गाडी बंद. आणि त्यांना गाडी चालवू नका असं तोंडावर सांगायची माझी छाती होत नव्हती. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी मी, घरी बापापुढं शेळी.

मग मला एक युक्ती सुचली, आणि खरं सांगते, त्या वेळी ती मला फार शहाणपणाची वाटली. नवी चावी करायला अप्पांची चावी न्यायचीच होती. नवी शिकवताना त्यांची शिकवायची नाही, एवढंच. घरी आणून परत द्यायची. दोन दिवसांनी गाडी चालू झाली नाही तर म्हणायचं, बिघडली वाटतं. नवी करू कधीतरी. ते कधीतरी कधीच येणार नव्हतं. भांडण नाही, रडारड नाही.

जॉबरनी विचारलं, "एकूण चाव्या किती?"

"एकच," मी म्हटलं. "नवी करायची आणि ही पुसून टाकायची. जुनी झाली."

त्यांनी चावी चष्म्याजवळ धरली. उलटीपालटी केली. "ही तुमची न्हाय, बाई."

"गाडी माझीच आहे."

"गाडी असंल. चावी न्हाय. तुमची पर्समधी राहणार. ही पँटच्या खिशातली हाय, सुट्ट्या पैशांनी घासलीय. आन् हितं रबर बगा, किती गुळगुळीत. बटण दाबून न्हाय होत असं. कुणीतरी रोज हिला नुसतं हातात धरून बसतंय."

अप्पा आंघोळ करून रोज सकाळी खुर्चीत बसतात. मुठीत चावी असते, अंगठा फिरत असतो. जपमाळ ओढल्यासारखा. मग मी सगळं सांगितलं. मेंढरं, कोकरू, तांब्या, सगळं. आणि म्हटलं, "आता तरी पुसा. जीव जाईल कुणाचा तरी."

"पुसायलाच पायजे," जॉबर म्हणाले. "पर त्यांच्या म्होरं. घेऊन या नान्नाला." नान्ना म्हणजे तेलुगूत वडील.

मला राग आला. मी म्हटलं, तुम्हाला काय जातं सांगायला? तुमच्या घरचं नाही हे. मी दुसरीकडे जाईन. आणि चावी मागायला हात पुढं केला. त्यांनी चावी लगेच दिली. मग मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली एक जुनी पितळी चावी काढून माझ्यापुढं धरली.

"ही कारखान्याची," ते म्हणाले. "सकाळी पयला मी जायचो. दार उघडायचो, दिवे लावायचो, मग बाकीचे. एका सोमवारी गेलो तर चावी आत जाईना. मला वाटलं, कुलपात कचरा गेला. फुंकर मारली. समोरनं तेल मागून आणलं, घातलं. मागं आठ-दहा माणसं उभी, मी आपला खटपट करतोय. मग च्यावाला आला आन् कानात बोलला, जॉबर, काल शेटनं कुलूप बदललंय. कारखाना बंद." त्यांनी चावी पुन्हा खिळ्याला अडकवली. "बंद झाला त्याचं काय न्हाय. बंद होत्यात. पर अर्धा तास मी दुसऱ्याच कुलपात तेल घालत होतो, बाई. सगळ्यांच्या देखत."

मला एकदम आमच्या इमारतीचं पार्किंग दिसलं. अप्पा गाडीत बसलेत, चावी फिरवतायत, काढून पुसतायत, पुन्हा घालतायत. आणि मी वर स्वयंपाकघरात, काही माहीत नसल्यासारखी. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी अप्पांना घेऊन गेले. ते सवयीनं ड्रायव्हरच्या सीटवर बसले. शेजारी टॉवेल अंथरून जॉबर, मांडीवर मशीन. मागं मी. मशीनचे आकडे सुरू झाले तसे जॉबर म्हणाले, "बाईंना काय तर सांगायचं हाय," आणि शेंगा सोलायला लागले.

मी अप्पांच्या मानेकडे बघत सांगितलं. माझी युक्तीसुद्धा सांगितली.

"म्हंजे मला न सांगता?"

"हो."

"मी समजलो असतो, किल्लीच बिघडली."

"हो, अप्पा."

"लहानपणी तुला खोटं बोलता येत न्हवतं," ते म्हणाले. मग जॉबरकडे वळून, जरा मोठ्यानं, "उभा जन्म यष्टी चालवलीय. माझ्या हातनं एक कोंबडी मेली न्हाय. काय झालंय माझ्या नजरंला?"

"बगू की," जॉबर म्हणाले. मशीन सीटवर ठेवून ते खाली उतरले. स्वतःचा कायदा त्यांनी तेव्हा पहिल्यांदा मोडला. "त्या पानपट्टीकडं बगत ऱ्हावा. मान हलवायची न्हाय. मी डावीकडनं येतो. दिसलो की हॉर्न मारा."

ते पार केळीच्या गाड्यापलीकडं गेले आणि तिथून चालत यायला लागले. त्या दिवशी सरळ चालले. मला मागून सगळं दिसत होतं. वीस पावलं. दहा. पाच. डाव्या आरशापाशी येऊन ते थांबले. अप्पांचा हात हॉर्नवर, नजर पानपट्टीवर, ताठ. हॉर्न वाजला नाही.

"या की वो आता," अप्पा वैतागून म्हणाले. "किती येळ?"

"मी हितंच हाय," जॉबर हळू म्हणाले.

अप्पांनी मान वळवली. आरशाजवळच्या त्या माणसाकडे ते बघत राहिले. मग हॉर्नवरचा हात त्यांनी उचलला आणि मांडीवर ठेवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी ते पुसलंही नाही.

मशीन वाजलं. जॉबर आत येऊन बसले. स्क्रीन अप्पांपुढं धरली, माझ्यापुढं नाही. "गाडी विचारतीय, चाव्या किती. एक का दोन?"

बाहेर एक रिक्षा गेली, मग दुसरी. अप्पा म्हणाले, "एक. तिची."

नवी चावी शिकवून झाली. अप्पांनी आपली चावी जॉबरपुढं केली. "ही टाका तुमच्या डब्यात."

"का म्हणून? इंजिनची ओळख गेली हिची. दाराची हाय की. रेडिओबी लागतो." आणि मग मला विचारलं, "कितव्या मजल्यावर राहता? ग्यालरी हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते सायकलवरून आमच्या पार्किंगमध्ये हजर झाले. गाडीपासून उलटं चालत निघाले ते जिन्यापर्यंत, आणि सवयीनं जिनाही उलटाच चढले. दुधाची पिशवी घेऊन उतरणाऱ्या शेजारीणबाई भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या. आमच्या गॅलरीत आल्यावर त्यांनी बटण दाबलं. काही नाही. नवा सेल घातला. काही नाही. मग ते अप्पांना म्हणाले, "हनुवटीखाली लावा आन् दाबा. अंगातनं लांब जातंय."

मला हसू आलं. पण अप्पांनी चावी हनुवटीला लावली, दाबली, आणि खाली गाडी टुक-टुक करून उघडली. दोन म्हातारे एकमेकांकडं बघून असे हसले की मला त्यांच्यात जागाच उरली नाही.

त्याच आठवड्यात अप्पा आपण होऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाले. आता लपवायला काही उरलं नव्हतं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, पण थेंब नेमानं घातले तर आहे ती राहील, असं डॉक्टर म्हणाले. अप्पा थेंब एसटीच्या वेळापत्रकासारखे घालतात. अजून तरी नजर होती तिथंच आहे. त्या दिवशी माझी युक्ती चालली असती तर अप्पा गुपचूप दुसरी चावी करून मोकळे झाले असते, आणि डोळे तसेच जात राहिले असते.

जॉबर पुढं मुलीकडे हैदराबादला गेले. जिन्याखाली आता एकजण मोबाइलची कव्हरं विकतो. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचा अप्पांना फोन येतो. तब्येत वगैरे नंतर, आधी प्रश्न, "पोचतंय का?"

रोज सकाळी मी खाली जाऊन गाडीपाशी उभी राहते. पर्समधली चावी काढत नाही. वर गॅलरीत अप्पा हनुवटीला चावी लावून उभे असतात. समोरच्या इमारतीतल्या लोकांना बरेच दिवस वाटायचं, ते सूर्याला नमस्कार करतात. टुक-टुक वाजतं, मी हात हलवते आणि निघते.

परवा वाजलं नाही. अप्पांनी पुन्हा दाबलं, पुन्हा. मी वर बघत होते आणि माझा हात पर्समध्ये गेलेला होता. बोट बटणावर होतं. नुसतं दाबलं असतं तरी गाडी उघडली असती, अप्पांना वाटलं असतं त्यांनीच उघडली, आणि मी वेळेवर शाळेत पोचले असते. मला कुलपात तेल घालणारा माणूस आठवला. मी हात बाहेर काढला.

"नाही उघडली, अप्पा!" मी खालून ओरडले.

"थांब!" वरून आवाज आला. "सेल बदलतो!"

मी थांबले. पाच मिनिटं, सात मिनिटं. आतून खणाचे आवाज, खुर्ची ओढल्याचा आवाज. मग अप्पा आले, चावी हनुवटीला लावली, आणि टुक-टुक.

"आता?"

"उघडली!"

शाळेत पोचायला उशीर झाला. हजेरीपटावर माझ्या नावापुढं लाल शाईत तसं लिहिलंही गेलं. मी खाली सही केली.